सबर्ब म्हणजे उपनगर नव्हे

मी मूळची डोंबिवलीची. त्यामुळे उपनगर म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. २००३ साली आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला घर घेतलं, तेव्हा आईला फोनवर मी अगदी ठसक्यात सांगितलं होतं, ‘अगं, आपल्या डोंबिवलीसारखंच आहे. शहरापासून साधारण तेवढंच लांब, आणि लोकलसुद्धा आहे.’

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. व्हीटीपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर. शिकागोच्या युनियन स्टेशनपासून नेपरव्हिल ४५च्या आसपास. दोन्हीकडे सकाळी घड्याळाकडे बघत गाडी पकडणारी नोकरदार माणसं, दोन्हीकडे शाळांचं कौतुक. पण आईने मनात जे चित्र रंगवलं, त्यात स्टेशनबाहेरची भाजी होती, फडके रोड होता, संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंतची चक्कर होती आणि वाटेत भेटणाऱ्या किमान चार बायका होत्या. मी ते चित्र पुसलं नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच तेव्हा फरक कळला नव्हता. सबर्ब या शब्दाचं मराठी उपनगर असं करून आपण मोकळे होतो, तिथेच गफलत होते.

घर सुंदर होतं, हे आधी सांगते. नाहीतर वाटेल, मी नेपरव्हिलच्या नावाने बोटं मोडायला बसले आहे. चार बेडरूम, मागे लाकडी डेक, दोन गाड्यांचं गराज, खाली ऐसपैस बेसमेंट. गणपतीला त्या बेसमेंटमध्ये पन्नास पानं उठायची. नवऱ्याने मागच्या अंगणात दुधी, पडवळ, गवार, मिरच्या आणि सावलीच्या कोपऱ्यात अळू लावलं होतं. थंडीआधी तो अळूचे कंद उकरून, वर्तमानपत्रात गुंडाळून बेसमेंटमध्ये ठेवायचा आणि मे महिन्यात परत लावायचा. मुलं तेव्हा आठ आणि पाच वर्षांची. शाळा उत्तम, शेजार शांत, ऑरोराचं बालाजी मंदिर वीस मिनिटांवर, ओळखीची मराठी घरं अर्ध्या तासाच्या आत दोन डझन. वीस मिनिटं म्हणजे अर्थात गाडीने. इथे अंतर मिनिटांत सांगतात आणि ती मिनिटं गाडीची असतात, हे इतकं अंगवळणी पडतं की सांगायचं राहूनच जातं.

आई आली २००६च्या मे महिन्यात. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. सहा महिने राहायचं ठरवून आली होती. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग आम्ही दोघं कामावर, मुलं आधी शाळेत आणि नंतर समर कॅम्पला. आई त्या घरात सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत एकटी. दुपारी ती डेकवर खुर्ची टाकून बसायची. ‘अगं, इथे माणसं राहतात ना नक्की?’ असं एकदा तिने मला विचारलं. गराजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं, माणूस काही दिसत नाही, अशी तिची तक्रार. तिने धुतलेलं पातळ डेकच्या कठड्यावर वाळत घातलं, तर आठवड्याने आमच्या असोसिएशनचं नम्र भाषेतलं पत्र आलं. ते मी तिच्यापासून लपवलं आणि पातळ गुपचूप ड्रायरमध्ये टाकायला लागले.

जुलैतल्या एका मंगळवारी तिला कोथिंबीर हवी होती. येता-जाता गाडीतून तिने दुकान पाहून ठेवलं होतं. घरापासून दीड मैल. डोंबिवलीत ती रोज याहून जास्त चालायची. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि निघाली. घरांपुढचा फूटपाथ चांगला होता, पण मोठ्या रस्त्याला लागल्यावर थोड्या अंतराने तो संपला आणि गवत सुरू झालं. पुढे सहा पदरी रस्ता. रस्ता ओलांडायला खांबावरचं बटण दाबायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? ती त्या गवतात उभी राहिली. पाचवारी पातळ, हातात कापडी पिशवी, डोक्यावर टळटळीत ऊन. कुणीतरी काळजीपोटीच पोलिसांना फोन केला असणार. आलेला पोलीस अतिशय सभ्य होता. त्याने तिला गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली. तिला घरचा पत्ता पाठ नव्हता. पिशवीच्या कप्प्यात मी लिहून ठेवलेली चिठ्ठी होती, म्हणून बरं.

हे सगळं मला दोन दिवसांनी समोरच्या बाईंकडून कळलं. आईने अवाक्षर काढलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘पोलिसांच्या गाडीतून उतरताना पाहिलं गं लोकांनी मला. मी काय चोरी केली होती? कोथिंबीर आणायला निघाले होते.’

मी काय केलं? तिच्यावरच रागावले. ‘आई, इथे असं एकटीने बाहेर पडायचं नाही. काय हवं ते मला सांगायचं, मी आणते.’ एकोणसत्तर वर्षांची बाई, चाळीस वर्षं घरचा बाजार स्वतः केलेली. तिला मी शाळकरी मुलीला सांगावं तसं सांगितलं.

ऑगस्टच्या मध्याला तिने तिकीट बदलून घ्यायला लावलं. गणपतीला घरी असायला हवं, असं कारण दिलं. पुन्हा ती आली नाही. दर वेळी काहीतरी निघायचं. गुडघे, मोतीबिंदू, भावाकडचं बाळंतपण. २०१४ साली ती गेली. भाऊ फोनवर म्हणाला, आदल्या संध्याकाळीसुद्धा देवळात जाऊन आली होती.

मधली वर्षं माझी गाडीतच गेली. पोहणं, पियानो, गणिताची शिकवणी, रविवारची मराठी शाळा. डोंबिवलीत मी दहाव्या वर्षी एकटी किराणा आणायचे, आणि माझा लेक सोळाव्या वर्षापर्यंत मित्राकडे जायला माझ्या तोंडाकडे बघायचा. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. दमणूक दिसायची, पण ती कर्तव्याची दमणूक वाटायची.

मग डोळ्यांचं सुरू झालं. काचबिंदू २०१६ साली निघाला. हा रोग फसवा. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, कडा मात्र हळूहळू कुरतडल्या जातात, आणि उरलेल्या दृश्यातून मेंदू ती पोकळी इतकी बेमालूम भरून काढतो की काही हरवलंय हेच कळत नाही. मला कळलं ते २०१९च्या ऑक्टोबरात. उजवीकडे वळत होते. रस्ता मोकळा आहे, अशी माझी खात्री होती. शेजारी बसलेला नवरा ओरडला म्हणून ब्रेक दाबला गेला. सायकलवर दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याला काही झालं नाही. तो हात हलवून निघूनही गेला. मी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि नवऱ्याला म्हटलं, आता तू चालव. त्यानंतर मी गाडी चालवलेली नाही. डॉक्टरांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून पुढे तेच सांगितलं, पण माझ्यापुरता निकाल त्या वळणावर लागला होता.

पाच महिन्यांनी कोविड आला आणि सगळं जगच घरात बसलं. त्यामुळे माझं घरात बसणं झाकलं गेलं. ऑफिसचं काम घरून, किराणा दारात, कुणीच कुठे जात नव्हतं. खरी परीक्षा सुरू झाली २०२१च्या उन्हाळ्यात. लोक बाहेर पडायला लागले आणि मी तिथेच राहिले. मुलं आपापल्या गावी नोकरीला. नवरा आठवड्यातून चार दिवस ऑफिसला. दह्याचं विरजण बिघडलं, तर नवं विरजण आणायला टॅक्सीचे जाऊन-येऊन तीस डॉलर. मैत्रिणी चांगल्या. ‘अगं, नुसता फोन कर’ म्हणायच्या आणि यायच्याही. पण उपकारांचा हिशेब मांडणारी वही आपल्याच डोक्यात असते. चार वेळा विचारलं की पाचव्यांदा जीभ अडखळते. केस कापायला जायचंय, हे सांगण्यासाठी मी दोन दिवस योग्य वेळ शोधत होते! डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या म्हणणं सोपं असतं. उगाच फिरून यावंसं वाटतंय, मला न्या, असं कुणाला सांगणार?

अशाच एका दुपारी मी डेकवर बसले होते. खाली अळू माजलं होतं. समोरच्या घराचं गराज वर गेलं, गाडी आत गेली, दार खाली आलं. आणि मला आईची खुर्ची आठवली. मी तिच्याच जागी बसले होते, पंधरा वर्षं उशिरा.

हे असं का बांधलं असेल, याचं कुतूहल वाटून मी त्या दिवसांत बरंच वाचलं. म्हणजे ऐकलं, मोठं पुस्तक आता कानांनीच वाचते. गंमत अशी की आमच्याच रेल्वेमार्गावर, नेपरव्हिल आणि शिकागोच्या मध्ये, रिव्हरसाइड नावाचं गाव आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी आखलं त्या ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने १८६९ साली या गावाचा आराखडा केला. वळणदार रस्ते, झाडी, प्रशस्त घरं. तिथेही लोक शहर सोडूनच राहायला गेले, पण रेल्वेने जायचं तर घरापासून स्टेशनपर्यंत चालत जाता आलं पाहिजे. ती अट पुढे गाडीने काढून टाकली. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगवर शिक्कामोर्तब केलं, आणि घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे ही विभागणी देशभर पक्की झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीची स्वस्त कर्जं मिळाली, १९५६च्या कायद्याने महामार्ग आले. ती कर्जं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना मात्र नाकारली जात होती. घरांच्या बाबतीत असा भेदभाव बेकायदा ठरायला १९६८ साल उजाडलं. आपले बहुतेक लोक १९६५च्या कायद्यानंतर या देशात आले आणि ही तयार चौकट त्यांनी, म्हणजे आम्ही, यशाचं माप म्हणून स्वीकारली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोथिंबिरीचं दुकान नव्हतं ते कुणी उघडलं नाही म्हणून नव्हे. तिथे ते उघडायला परवानगीच नव्हती.

मी नवऱ्याला म्हटलं, ‘आपण शहरात राहायला जाऊ.’

तो जेवत होता. त्याला वाटलं मी वैतागून बोलते आहे. दुसऱ्या दिवशी परत म्हटलं, तेव्हा ताट बाजूला सारून म्हणाला, ‘हे घर फेडायला सतरा वर्षं लागली.’ मग म्हणाला, ‘मी नेतो ना तुला सगळीकडे.’ हे खरं होतं. त्याने कधी कुरकुर केली नव्हती. पण मला कुणी नेऊन नको होतं, मला जायचं होतं, आणि या दोन क्रियापदांमधला फरक त्याला समजावताना मला रडू आलं. त्या रात्री आम्ही फार बोललो नाही. भांडण म्हणावं असं काही झालं नाही, पण पुढचे तीन महिने घरात एक अदृश्य सामान पडून होतं, ज्याला दोघंही वळसा घालून जात होतो.

मित्रमंडळींना कळल्यावर एकच प्रश्न. ‘शिकागो? तिकडे गोळीबार होतो ना?’ शिकागोतला हिंसाचार खोटा नाही, पण तो शहरभर सारखा पसरलेलाही नाही. त्याची सर्वाधिक झळ दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या काही वस्त्या सोसतात, आणि त्या वस्त्यांची ती अवस्था का झाली याचा धागा वर सांगितलेल्या कर्जांपर्यंत जातो. शिवाय गाडीने आणलेली माझी धास्ती कुणी मोजत नव्हतं. त्या सायकलवाल्या मुलाला मी जे करणार होते, त्याला आपण गुन्हेगारी म्हणत नाही इतकंच.

शेवटी तोडगा निघाला तो असा की एक वर्ष भाड्याने राहून बघायचं. २०२२च्या मे महिन्यात आम्ही शहराच्या उत्तर टोकाला, एजवॉटरमध्ये, शेरिडन रोडवरच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमची जागा घेतली. खाली बस, तीन-चार मिनिटांवर रेड लाइनचं ग्रॅनव्हिल स्टेशन, मागे मिशिगन सरोवर.

पहिल्या आठवड्यात मी एकटी डेव्हॉन ॲव्हेन्यूला जायचं ठरवलं. देशी किराण्याचा हा जुना रस्ता. आता देशभर पसरलेल्या पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली इथेच निघालं. नवरा म्हणाला, ‘मी सोडतो.’ म्हटलं, नको. तो म्हणाला, ‘मग फोन चालू ठेव.’

शिकागोच्या पत्त्यांची एक खुबी आहे, जी माझ्यासारखीला देवाने केल्यासारखी वाटते. १९०९ साली इथे घरक्रमांकांची नवी पद्धत सुरू झाली. स्टेट स्ट्रीट आणि मॅडिसन स्ट्रीट जिथे छेदतात तिथे शून्य. तिथून उत्तरेला किंवा पश्चिमेला एक मैल म्हणजे आठशे आकडे. ग्रॅनव्हिल म्हणजे ६२०० उत्तर, डेव्हॉन ६४०० उत्तर. आमची इमारत साधारण १००० पश्चिम, डेव्हॉनवरचा वेस्टर्न ॲव्हेन्यूचा चौक २४०० पश्चिम. म्हणजे मधे पावणेदोन मैल. पाटी नीट दिसली नाही तरी आकडा मोजून मी कुठे आहे हे मला कळतं. शहर डोक्यात मावतं. नेपरव्हिलच्या वळणावळणांच्या गल्ल्यांमध्ये एकोणीस वर्षं राहूनही मला गाडीतल्या यंत्राशिवाय चार गल्ल्यांपलीकडचं घर सापडत नव्हतं.

लोयोला स्टेशनजवळ १५५ नंबरची बस मिळते. थांब्यावर दार उघडलं की बस स्वतःच आपला नंबर आणि कुठे जाणार ते मोठ्याने सांगते. आत बसल्यावर प्रत्येक थांब्याचं नाव पुकारलं जातं. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते. हाताला चक्क घाम आला होता. साठीची बाई, दोन मुलं वाढवलेली, जग फिरलेली. शेजारी एक पाकिस्तानी आजी होत्या. त्यांनी विचारलं, ‘पहली बार?’ म्हटलं, हो. ‘मैं बताऊँगी,’ म्हणाल्या, आणि मग स्वतःच्या सुनेची गोष्ट सांगण्यात इतक्या रंगल्या की आम्हा दोघींचा थांबा चुकला! उतरून मागे चालत आलो. आकडे होतेच सोबतीला. त्या रस्त्याच्या एका भागाला गांधींचं नाव दिलंय, एकाला जिनांचं आणि एकाला गोल्डा मेयर यांचं. आजी जिनांच्या बाजूला वळल्या, मी गांधींच्या.

पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता घेतला. कोथिंबीर डॉलरला दोन जुड्या होती. चार घेतल्या. चार जुड्यांचं दोन माणसांत काय करणार, हा विचार परत येताना बसमध्ये आला. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज वड्या होत्या.

तेव्हापासून तीन वर्षं झाली. नेपरव्हिलचं घर आम्ही भाड्याचं वर्ष संपल्यावर विकलं. आता माझा दिवस पायांवर चालतो. ब्रॉडवेवरच्या वाचनालयात बोलकी पुस्तकं मिळतात. आर्गाइल स्ट्रीटवरच्या व्हिएतनामी दुकानांत केळीची पानं आणि कापलेला ताजा फणस मिळतो. संध्याकाळी सरोवराकाठी जाते. या किनाऱ्याचा बहुतेक भाग सगळ्यांना खुला राहिला आहे. काठाने जाणारी अठरा मैलांची पायवाट आमच्याच भागात, आर्डमोरपाशी, संपते. तिथल्या बाकावर रोजची माणसं आहेत. एक इथिओपियन काका, कुत्रा घेऊन येणारी एक पोरगी, एक रशियन बाई जिला इंग्रजी येत नाही आणि जी तरीही माझ्याशी तासभर बोलते. यातलं कुणी माझ्या घरी कधी आलेलं नाही. पण मी दोन दिवस दिसले नाही तर विचारतात. आईला हव्या होत्या त्या चार बायका अशाच असणार.

सगळं गोड आहे असं नाही. जागा निम्म्याहून लहान, आणि दर महिन्याचं असेसमेंट, म्हणजे आपला सोसायटीचा मेंटेनन्स, बघून पहिल्यांदा पोटात गोळा आला. वार्षिक सभेला गेले तर पार्किंगवरून तीच भांडणं, जी बाबा डोंबिवलीतून भांडून यायचे. लॉबीतून माझी दोन पार्सलं चोरीला गेली. रेड लाइनच्या डब्यात कधी कुणी सिगारेट ओढत असतं, कधी ज्याला घर नाही असा माणूस थंडीत आडवा झालेला असतो, आणि त्याच्याकडे न बघता आपण शेजारच्या सीटवर बसायला शिकतो, हे शिकणं मला आवडत नाही. जानेवारीत प्लॅटफॉर्मवर वारा असा येतो की बटण दाबून लागणाऱ्या त्या हीटरखाली दहा अनोळखी माणसं गाडीची वाट बघणाऱ्या मेंढरांसारखी चिकटून उभी असतात.

आणि मराठी माणसं लांब गेली, हे सर्वांत जास्त लागतं. मंडळाचे कार्यक्रम, गणपती, डोहाळजेवणं, सगळं सबर्बमध्ये. मेट्राने जाता येतं, पण दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास, आणि शेवटचे पाच मैल कुणीतरी न्यायला यावंच लागतं. पूर्वी मी पन्नास पानं वाढायचे. आता आमच्या टेबलावर सहा माणसं कोपराला कोपर लावून बसतात. काही घरं सुटली. मुद्दाम कुणी तोडलं नाही. आम्ही रस्त्यावरून दिसेनासे झालो, एवढंच.

नवऱ्याचं काय, हा प्रश्न मला पत्रांतून विचारतात तसा मीही स्वतःला विचारते. पहिलं वर्ष त्याला जड गेलं. शनिवारी सकाळी लवकर उठून तो काय करू असा बघायचा. हिवाळ्यात बर्फ काढायचं नाही, उन्हाळ्यात गवत कापायचं नाही, हे सुख आहे असं मी म्हणायचे आणि तो गप्प बसायचा. घर विकताना अळूचे कंद त्याने आमच्या एका मित्राकडे दिले. पुढच्या जूनमध्ये तिकडे गेलो, तर जेवणाआधी हा मित्राच्या अंगणात जाऊन अळूपाशी उकिडवा बसला होता. मी खिडकीतून पाहिलं आणि आत वळले. मला शहर मिळालं त्याची किंमत त्याने त्या अंगणात मोजली आहे, हे मला माहीत आहे. या वर्षी त्याला आमच्या भागातल्या सार्वजनिक बागेत चार फूट बाय आठ फुटांचा वाफा मिळाला. दुधीचा वेल शेजारच्याच्या टोमॅटोवर गेला म्हणून एक चिठ्ठी आली आहे. ती त्याने फ्रिजवर लावून ठेवली आहे. खूश आहे की वैतागला आहे, मला अजून नीट कळलेलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये नेपरव्हिलचे एक जुने स्नेही नवरा-बायको आमच्याकडे आले होते. दोघं सत्तरीच्या पुढे. वहिनींच्या मानेचं दुखणं वाढल्यामुळे त्यांना मान वळवून मागचं बघता येत नाही, म्हणून गाडी बंद आहे. जेवणं झाली. भाऊजी माझ्या नवऱ्याला एकामागून एक विचारत होते. टॅक्स किती? गाडी ठेवायला जागा? पाहुणे आले तर? मग म्हणाले, ‘आणि तो तुझा स्नोब्लोअर कुठे ठेवलास?’

‘विकला.’

‘विकलास! कितीला?’

वहिनी तेवढ्यात ‘आलेच हं खाली जाऊन’ म्हणून उठल्या. बराच वेळ झाला तरी वर येईनात, म्हणून मी गॅलरीतून वाकून पाहिलं. त्या थांब्यावर उभ्या होत्या, शाल घट्ट लपेटून. १४७ आली, दार उघडलं, बसने आपला नंबर पुकारला. वहिनी चढल्या नाहीत. बस गेली. त्या तिथेच पुढच्या बसची वाट बघत उभ्या राहिल्या. दुसरी आली, तिनेही आपलं नाव सांगितलं, तेव्हा कुठे त्या वळून लॉबीकडे निघाल्या. वर आल्या आणि मला म्हणाल्या, ‘एकशे चाळीस पावलं आहेत गं.’